रक्ताचा निकाल : कोणाला सांगावा, कसा सांगावा
(सिकलसेल तपासणीचे कार्यकर्ते व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)

सिकलसेलवर भाषण म्हटले की आम्ही नेहमी तक्ता लावतो. एएस आणि एएस यांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणी एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक, वगैरे. तो तक्ता तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. एवढेच सांगून ठेवतो की चारात एक म्हणजे पहिले मूल एसएस झाले की पुढची तीन सुटली, असे नव्हे. दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. हा गैरसमज आम्हाला शिकल्या-सवरलेल्या घरांतही भेटला आहे, म्हणून बोललो.

आजचा विषय वेगळा आहे. तपासणी केली, निकाल आला, आणि त्या निकालात आपण जे शोधत नव्हतो ते निघाले. ते सांगायचे का? सांगायचे तर कोणाला? या बाबतीत आमच्या हातून चुका झाल्या आहेत. त्या आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा आम्हाला थोडा तरी अधिकार राहील.

आमचे पहिले मोठे शिबिर एका विहाराच्या आवारात झाले. सव्वातीनशे लोकांचे रक्त घेतले. उत्साह एवढा की तिसऱ्या दिवशी निकालाची यादी टाईप करून विहाराच्या दारावर चिकटवली. नाव, वय, निकाल. लोकांना खेटे पडू नयेत हा हेतू. दहावीच्या निकालासारखी गर्दी झाली. त्या यादीत एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलीच्या नावापुढे 'पॉझिटिव्ह' असे होते. ती फक्त वाहक होती, तिला स्वतःला काही आजार नव्हता, आयुष्यात होणारही नव्हता. पण यादीत वाहक आणि रुग्ण असा भेदच केलेला नव्हता, कारण शिबिरातल्या सोल्युबिलिटी टेस्टला तो भेद कळत नाही. रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच ती सांगते. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय एएस की एसएस हे ठरत नाही. पंधरा दिवसांत मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. तिचे वडील आमच्याकडे आले. भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाऊ, रक्त पोरीचं होतं न जी? मग कागद दारावर काहून लावला?"

याचे उत्तर आमच्याजवळ तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

आपण काही जगावेगळी चूक केली नाही, असे समाधान आम्ही पुढे वाचनातून करून घेण्याचा प्रयत्न केला. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाचे गाव आहे. तेथे सिकलसेलचे वाहक बरेच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी तेथे तपासणी आणि समुपदेशनाचा मोठा कार्यक्रम राबवला, या आशेने की लोक जाणून घेतील आणि दोन वाहकांची लग्ने टाळतील. झाले असे की वाहकांना, विशेषतः मुलींना, स्थळे येईनात. मग घरोघर निकाल लपवला जाऊ लागला. आणि लपवल्यामुळे दोन वाहकांची लग्ने होतच राहिली.

अमेरिकेत तर याहून वाईट झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील अनेक राज्यांनी काळ्या लोकांसाठी सिकलसेल तपासणीचे सक्तीचे कायदे केले. काही कायद्यांत वाहक आणि रुग्ण यांतला फरकही नीट केलेला नव्हता. लोकांच्या नोकऱ्या आणि विमे अडले. तेथील हवाई दलाच्या अकादमीने वाहक तरुणांना १९८१ पर्यंत दार बंद ठेवले होते. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने तपासणी स्वेच्छेची असावी असे धोरण घेतले, पण तोवर विश्वास उडाला होता.

या संदर्भात एक गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे १९४९ साली ज्यांनी दाखवून दिले ते लायनस पॉलिंग थोर शास्त्रज्ञ, दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी, अणुचाचण्यांविरुद्ध लढलेले माणूस. त्यांनीच १९६८ साली लिहिले की अशा वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण आम्ही ते वाचले आणि आम्हाला आठवली बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे उच्चाटन' या १९३६ च्या ग्रंथात नोंदवलेली मनगटावरची किंवा गळ्यातली काळ्या दोऱ्याची खूण. चुकून विटाळ होऊ नये म्हणून अस्पृश्याने ती बाळगायची. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे आम्हालाही कळते. परंतु दुसऱ्याच्या सोयीसाठी आपल्या अंगावर खूण बाळगण्याचा अनुभव ज्यांच्या आज्या-पणज्यांनी घेतला, त्यांना दारावरची यादी कशी दिसली असेल, हे आम्हाला तरी आधी सुचायला हवे होते. आम्ही तर त्यांच्यातलेच.

आपल्याकडे या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट' मध्ये आला. विदर्भात गोंड, माडिया, परधान या जमातींत आणि आपल्या बौद्ध समाजात त्याचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे कुणी याला अमक्या जातीचा आजार म्हणतात. त्यांना सांगावे की हा जीन जेथे हिवताप होता तेथे टिकला, कारण वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवले. ग्रीसच्या शेतकऱ्यांत आणि अरबस्तानातही तो आहे. जातीचा प्रश्न येथे नाही, डासांचा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगत नाही, आणि घर ओळखू येईल असा तपशीलही बदलला आहे. चार वर्षांचा मुलगा, हातापायाच्या सांध्यांत सारखा ठणका, दोनदा रक्त चढवलेले. तपासणीत एसएस असा निकाल आला. आमच्या पद्धतीप्रमाणे घरच्यांचेही रक्त घेतले. आई एएस. बाप सोल्युबिलिटीत निगेटिव्ह. आमचा एक कार्यकर्ता, पोरगा हुशार, विज्ञानाचा विद्यार्थी, कागद बघून सर्वांसमक्ष बोलून गेला, "बाप निगेटिव्ह, मग मुलगा एसएस कसा?" तक्ता पाठ असल्याचा हा परिणाम. मुलाची आजी शेजारीच बसली होती. तिला एसएस कळत नव्हते, पण "बाप निगेटिव्ह" एवढे कळले. आठ दिवसांच्या आत सूनबाई मुलासह माहेरी.

आमच्या गटात ज्या ताई समुपदेशनाचे काम पाहतात त्यांना हे कळले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आम्ही कोणीच विचारला नव्हता. बापाचे एचपीएलसी केले का? केले नव्हते. निगेटिव्ह म्हणजे सिकल नाही. याचा अर्थ सर्व काही नॉर्मल असा होत नाही. बाप थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. आईकडून सिकलचा जीन आणि बापाकडून बीटा थॅलेसेमियाचा आला तर मूल आजारी पडते, आणि थॅलेसेमियाचा तो प्रकार कडक असेल तर मुलाचा तपासणी-पट्टा हुबेहूब एसएससारखा दिसतो. शिवाय इतर शक्यताही आहेत. नमुन्यांची अदलाबदल झालेली असते. तपासणाऱ्याचा हिमोग्लोबिन फार कमी असेल तर सोल्युबिलिटी टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. नुकतेच रक्त चढवले असेल तर निकाल त्या दुसऱ्याच्या रक्ताचा सांगितला जातो. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत तर ही टेस्ट भरवशाचीच नाही. कधी मूल दत्तक असते, भावाचे किंवा बहिणीचे मांडीवर घेतलेले, आणि ते मुलाला सांगितलेले नसते. एवढे सगळे बाजूला ठेवून आम्ही एकदम बाईच्या चारित्र्यापर्यंत पोहोचलो होतो.

बाप तपासणीला तयार होईना. ताई तीनदा गेल्या. शेवटी त्याच्या धाकट्या भावाने त्याला गाडीवर बसवून आणले. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-टू पाच टक्क्यांच्या वर निघाले. साडेतीनच्या आत असावे लागते. बाप बीटा थॅलेसेमियाचा वाहक. मुलगा त्याचाच, आणि आजार सिकल-थॅलेसेमिया. या सगळ्यात सात आठवडे गेले. आजी स्वतः जाऊन सुनेला घेऊन आली, हे तिच्या बाजूनेही सांगितले पाहिजे.

आम्ही मोठ्या समाधानाने त्या घरी गेलो. विज्ञानाने बाईची अब्रू राखली असे काहीतरी आमच्या मनात होते. त्या बाईने चहा दिला आणि मग विचारले, "भाऊ, मले एक सांगा. अन् थालेसेमिया निघाला नसता त?"

मित्रहो, आजचे आमचे सर्व बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे. कारण थॅलेसेमिया निघाला हे आमचे नशीब. दुसऱ्या एखाद्या घरात तो निघणार नाही. नमुना बरोबर असेल, टेस्ट बरोबर असेल, आणि बाप तो बाप नसेल. तेव्हा आम्ही काय करणार होतो?

हा प्रश्न जगात अनेकांनी विचारात घेतला आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने १९९४ साली शिफारस केली की अशी माहिती आईला द्यावी, तिच्या जोडीदाराला आपण होऊन सांगू नये. यावर आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला. एक सभासद म्हणाले, पुरुषाला फसवण्यात आपण सामील होणार का? त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. समजा बाप खरोखर नॉर्मल आहे. मग या जोडप्याला पुढचे मूल एसएस होण्याची भीती नाही. आपण गप्प राहिलो तर नवरा-बायको चारात एकच्या धास्तीत राहतील, पुढच्या गरोदरपणी विनाकारण दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेची तपासणी करून घेतील, कदाचित दुसरे मूलच नको म्हणतील. गप्प राहण्याचीही किंमत असते आणि ती कोणीतरी मोजतो.

दुसऱ्या बाजूला त्या बाईचे काय होईल हे आम्ही आठ दिवसांत पाहिले होते, आणि तेही केवळ संशयावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वैवाहिक खटल्यात म्हटले आहे की मुलाच्या पितृत्वाची डीएनए चाचणी सरसकट करता येणार नाही, मुलाचाही खासगीपणाचा हक्क आहे. तेथे वकील, दोन्ही बाजू, न्यायाधीश एवढे सोपस्कार. आम्ही मात्र तीच चाचणी ओट्यावर बसून, बोटाला सुई टोचून, कोणाला न विचारता करून टाकली होती.

आमचे मत सांगतो. ते सर्वांना पटेल असे नाही. सांगायचे ते आईला, एकटीला, आणि सांगणारी स्त्री असावी. पुढे काय करायचे ते तिने ठरवावे. नवऱ्याने आम्हाला सरळ विचारले तर खोटे बोलायचे नाही. ज्याचा निकाल त्याला मिळतो, आणि मूल कोणाचे हे पाहण्यासाठी आमची तपासणी नाही, एवढेच सांगायचे. हे आता सर्वांनाच, सुई टोचण्याआधी, सांगितले जाते. त्यामुळे कुणा एकाला ते ऐकवले म्हणून त्याला संशय येण्याचे कारण राहत नाही.

त्याहून महत्त्वाचा बदल साधा आहे. मुलावर उपचार करायला मुलाचाच निकाल पुरतो. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड, लसी यांपैकी कशासाठीही बापाचे रक्त लागत नाही. आधी आम्ही 'फॅमिली स्टडी' म्हणून सगळ्या घराचे रक्त घेत होतो, कारण रजिस्टर भरलेले चांगले दिसते. आता पुढच्या मुलाचा विचार असेल आणि दोघांनी मागणी केली तरच घेतो. आमचा आकडा कमी झाला. वार्षिक अहवालात तो वाईट दिसतो.

तपासणीआधी सर्व सांगण्याचीही एक अडचण आहे, ती लपवत नाही. "या तपासणीत कधी कधी अनपेक्षित गोष्टी कळतात" हे वाक्य ऐकून एक-दोन बाया उठून गेल्या. त्यांच्या मनात काय होते हे विचारण्याचा आम्हाला हक्क नव्हता. पण त्यांच्या मुलांची तपासणी त्या दिवशी राहिली, आणि त्यांत एखादे एसएस असेल तर त्याचे औषध लांबले. यावर उपाय म्हणून आता आम्ही मुलाची तपासणी आणि आईबापाची तपासणी वेगळ्या दिवशी, वेगळ्या फॉर्मवर ठेवली आहे. थोडा फरक पडला.

तथागतांकडे अभय राजकुमार वाद घालायला आला, ती कथा मज्झिम निकायात आहे. दुसऱ्याला अप्रिय होईल असे तथागत बोलतात का, असा त्याचा पेच होता. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? तो म्हणाला, काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. मग तथागतांनी सांगितले की जे खरे आणि हिताचे आहे, ते अप्रिय असले तरी ते बोलतात, पण त्याची वेळ पाहून. आणि जे खरे आहे पण हिताचे नाही, ते बोलत नाहीत. आमच्या कार्यकर्त्यांनी "खरे ते सांगितलेच पाहिजे" असा वाद घातला तेव्हा ताईंनी ही कथा सांगितली. एकाने विचारले, हित कोणाचे, बापाचे की आईचे? त्यावर ताई म्हणाल्या, "कथेत खडा पोराच्या तोंडात आहे. आधी पोराकडे पाहा."

विद्यार्थ्यांसाठी थोडे पुढचे. तुम्ही डॉक्टर, लॅब टेक्निशियन, परिचारिका व्हाल. तुमच्या काळात एका नमुन्यात सगळे जीन वाचले जातील. आजच मोठ्या शहरांत वाचले जातात. मुलाच्या फिट्सचे कारण शोधायला जावे आणि आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका असल्याचे निघावे, असे होते. अमेरिकेतल्या जनुकवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली ५६ जीनची यादी काढली आणि म्हटले की हे दोष सापडले तर कळवा, रुग्णाची इच्छा असो वा नसो. वर्षभरातच, २०१४ मध्ये, त्यांना बदल करावा लागला की ज्याला नको असेल त्याला आधीच नाही म्हणता यावे. त्या यादीमागचा विचार आम्हाला उपयोगी वाटतो. ज्यावर काही उपाय करता येतो ते सांगण्याची निकड मोठी, ज्यावर काहीच करता येत नाही ते ऐकायचे की नाही हे माणसाला ठरवू द्यावे.

आपल्या भागात यातले एक रोज घडते. सिकल शोधायला गेलो की एचपीएलसीत थॅलेसेमियाचे, हिमोग्लोबिन डी-चे वाहक निघतात. ते सांगावेच, कारण सिकलवाल्याशी लग्न झाले तर त्याचा संबंध येतो. पण "तुम्हाला सिकल नाही, म्हणजे ओके" असे म्हणून कागद हातात देणारे शिबिर आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे.

१ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट, २०४७ पर्यंत निर्मूलन. स्वागतच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाल्याने प्रमाणपत्रासाठीही निकाल हाती लागतो. मात्र सात कोटी कागद वाटायचे तर समुपदेशक किती लागतील? कार्ड देणे पाच मिनिटांचे काम, ते समजावणे तासाचे. तुमच्यापैकी कुणी हे शिक्षण घेणार असेल तर संस्थेने त्याची फी भरावी, अशी आमची अध्यक्षांना येथेच जाहीर विनंती आहे. शिष्यवृत्त्या इंजिनिअरिंगला दिल्या जातात, ते ठीकच. एखादी इकडे यावी.

शेवटी एक चालू प्रकरण. एक तरुण, आमच्याच ओळखीचा, एएस निघाला. लग्न ठरलेले. त्याच्या वडिलांनी बजावले, मुलीकडच्यांना काही सांगायचे नाही. मुलीकडे जाऊन आम्ही सांगावे का? गटात पुन्हा मतभेद झाले. निकाल त्याचा, पण उद्याचे मूल तिचेही. आम्ही तिच्याकडे गेलो नाही. त्याच्याकडे गेलो. पहिल्यांदा तो भेटला नाही, दुसऱ्यांदा चिडला. तिसऱ्यांदा त्याने एवढेच विचारले की ती नॉर्मल निघाली तर लग्नाला काही अडचण नाही ना? आम्ही म्हटले, काहीच नाही, आणि ती वाहक निघाली तरी लग्न करायचे की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचे, आम्ही नाही. चार दिवसांनी त्याने स्वतः तिला सांगितले. गेल्या बुधवारी ती एकटीच येऊन रक्त देऊन गेली. शनिवारी निकाल न्यायला आली तेव्हा तिच्या मामांनी आधी फोन करून विचारले होते, काय निघाले? ताईंनी त्यांना सांगितले नाही. बंद पाकीट तिच्या हातात दिले, समोर बसवून समजावले, पाऊण तास लागला. पाकिटात काय होते ते आम्हाला माहीत आहे. तिने घरी काय सांगितले ते आम्ही विचारलेले नाही.